केटो डाएटवरच्या मुलाचं पोट पुन्हा पुन्हा अडतं तेव्हा

चार दिवस शी नाही. पाचव्या दिवशी मागून घालायची ग्लिसरीनची कांडी, बकरीच्या लेंड्यांसारखे खडे, रडारड, आणि मग घरातल्या सगळ्यांचा सुस्कारा. दहा-बारा दिवस गेले की परत पहिल्यापासून. माझी मुलगी (घरात तिला चिऊ म्हणतो) साडेचार वर्षांची असताना फिट्ससाठी केटो डाएटवर (भरपूर तूप-तेल आणि अगदी कमी कर्बोदकं असलेल्या आहारावर) गेली आणि पहिल्या चार महिन्यांत हा फेरा आमच्याकडे पाच वेळा झाला. फिट्स कमी होत होत्या, त्यामुळे 'एवढं चालायचंच' असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

चालायचंच नव्हतं. पोट अडलं की मूल जेवत नाही, आणि केटोमध्ये 'आज अर्धंच जेवली' याला जागा नसते. ताटातलं तूप-तेल पोटात गेलं नाही की केटोन (स्निग्धांपासून शरीरात तयार होणारे घटक) डळमळतात, उलटी झाली तर औषधाची गोळीही बाहेर येते, आणि आपण मात्र फिट का वाढली याचं कारण भलतीकडेच शोधत बसतो. आमच्या वहीत तिसऱ्या आणि चौथ्या वेळी पोट अडलेल्या दिवसांतच रात्रीचे झटके लिहिलेले आहेत. हे आम्हाला फार उशिरा दिसलं, कारण फिट्सची वही वेगळी होती आणि शी कुणी लिहीतच नव्हतं.

मी डॉक्टर नाही, भांडुपला राहणारी आई आहे. म्हणून औषधाचा डोस इथे लिहिणार नाही. तो मुलाच्या वजनावर ठरतो आणि तुमच्या टीमनेच ठरवायचा असतो. हे लिहितेय ते फिट्ससाठी, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली केटोवर असलेल्या मुलांच्या घरांसाठी. वजन कमी करायच्या केटोशी याचा संबंध नाही.

आधी बघा, खरंच अडलंय का

केटोवर शी कमी होते. ताटच लहान असतं, पोळी-भाताचा चोथा नसतो, त्यामुळे बाहेर पडायलाही फारसं काही नसतं. रोज होणारी शी दोन दिवसांनी एकदा व्हायला लागली, पण मऊ आहे, मूल कुंथत नाही, पोट फुगत नाही, तर घाबरायचं कारण नाही. दिवस मोजू नका, शी बघा. ब्रिस्टल चार्ट नावाचा एक तक्ता असतो, १९९७ साली प्रसिद्ध झालेला, त्यात शीचे सात प्रकार चित्रांसकट दिलेत. पहिला प्रकार सुटे कडक खडे, दुसरा खड्यांचा जोडून झालेला गोळा. हे दोन दिसले की बद्धकोष्ठ. चौथा, म्हणजे गुळगुळीत मऊ, तो हवा. आम्ही वहीत फक्त आकडा लिहितो: 'मंगळ, २, रडली'. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनी ती पानं पाहिली आणि पहिल्यांदाच पाच मिनिटांत काहीतरी ठरलं.

बोलता न येणाऱ्या मुलांत शीवरून नाही तर वागण्यावरून कळतं. जेवताना तोंड फिरवणं, पाय आवळून कोपऱ्यात उभं राहणं, टाचा उचलून ताठ होणं. हे ताठ होणं आम्ही एकदा फिट समजून मोबाइलवर शूट केलं होतं. ती शी रोखून धरत होती.

आमचं नेमकं चुकत कुठे होतं

पाचही वेळा आम्ही प्रत्येक अडण्याला नवीन अडणं समजलो. कांडी घातली, चार खडे पडले, म्हणजे मोकळं झालं. प्रत्यक्षात पुढचं टोक तेवढं निघत होतं आणि मागे गोदाम भरलेलंच राहत होतं. शी आतड्यात जितकी थांबेल तितकं तिच्यातलं पाणी शोषलं जातं, ती आणखी कडक होते. शेवटचा भाग ताणून ताणून सैल पडतो आणि 'आता जायचंय' ही जाणीवच बोथट होते. मग मूल मुद्दाम रोखतंय असं वाटतं, पण त्याला खरंच कळत नसतं.

त्यात सगळ्यात मोठी फसगत चौथ्या वेळची. डॉक्टरांनी पीईजीची पावडर, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, सुरू केली होती. तिसऱ्या दिवशी चड्डीला पातळ डाग. संध्याकाळी परत. आम्ही म्हटलं जुलाब झाले, पावडर बंद. सहाव्या दिवशी पोट ढोलासारखं. तपासणीत डॉक्टरांनी माझाच हात चिऊच्या डाव्या बाजूच्या पोटावर ठेवला. आत लाकडासारखं कडक लागलं. ते पातळ म्हणजे जुलाब नव्हते, अडलेल्या गोळ्याच्या कडेने झिरपणारी शी होती. पोट जितकं जास्त भरलेलं तितके चड्डीला डाग जास्त, असा उलटा हिशोब. थोडं थोडं पातळ, दिवसातून अनेकदा, मुलाच्या नकळत चड्डीत, आणि त्याआधीचे बरेच दिवस शी नाही: असं दिसलं तर औषध बंद करण्याआधी फोन करा. ही पोस्ट लिहायचं खरं कारण हेच आहे.

उपाय दोन टप्प्यांचा असतो. पहिला, साठलेलं पूर्ण बाहेर काढणं. त्याला काही दिवस वाढीव मात्रा लागते, ती डॉक्टर सांगतात, काही मुलांना त्यासाठी दाखलही करतात. घर तेवढे दिवस धोबीघाट होतं, सुट्टी काढा. दुसरा, त्यानंतर रोजची कमी मात्रा, आणि ती महिनोन्‌महिने. ताणलेलं आतडं पूर्वपदावर यायला तेवढा वेळ लागतो. आम्ही दर वेळी दुसरा टप्पा गाळत होतो, म्हणून दहाव्या दिवशी परत तिथेच. 'सवय लागेल' ही भीती मलाही होती. पीईजी आतड्याला चाबूक मारत नाही, शीमध्ये पाणी धरून ठेवते, एवढंच तिचं काम. पण पावडर जितक्या पाण्यात सांगितली तितक्याच पाण्यात विरघळवायची आणि दोन-तीन दिवस वाट बघायची. आज दिली, उद्या काही झालं नाही, म्हणून परवा दुप्पट, असं करायचं नाही.

केटोवाल्यांसाठी एक जास्तीचं काम: पाकीट उलटं करून वाचणं. साधी, चव नसलेली पावडर बघा. संत्र्याच्या-लिंबाच्या चवीच्या पाकिटात काय गोड घातलंय ते बघितल्याशिवाय उघडू नका.

मनुकांचं पाणी आणि बाकीची माया

चिऊचं प्रमाण ४:१. चार ग्रॅम स्निग्धांमागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम. दिवसाच्या १००० कॅलरी धरल्या तर स्निग्ध १०० ग्रॅम आणि बाकीची दोन्ही मिळून २५ ग्रॅम. त्यातले १४-१५ प्रथिनांना गेले की दिवसभराच्या कर्बोदकांना उरतात जेमतेम १०-११ ग्रॅम. आता आपल्या घरात पोट साफ व्हायला काय देतात ते आठवा. केळं, अंजीर, पपई, गुलकंद, मध घालून कोमट पाणी, काळ्या मनुका. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे दोन दिवसांचा कोटा. चमचाभर मधात सहाएक ग्रॅम.

दुसऱ्या वेळी चिऊ अडली तेव्हा मी ऑफिसला होते. संध्याकाळी लघवीच्या केटोन पट्टीचा गडद जांभळा रंग फिका गुलाबी झालेला. घरात चौकशी सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी काही खायला दिलं नाही. नुसतं मनुकांचं पाणी दिलं, मनुका मीच खाल्ल्या." त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने बरोबर होतं, डाएटच्या यादीत मनुका खायच्या नाहीत असं लिहिलं होतं, पाण्याबद्दल काही नव्हतं. साखर पाण्यातच उतरते हे मी सांगायला हवं होतं. त्या दिवसानंतर आम्ही भांडण न करता एक काम केलं. पोटाचं खातं आईंकडे दिलं. वही त्या लिहितात, पाणी त्या मोजतात. आता शेजारच्या काकूंनी काही सुचवलं तर त्याच विचारतात, "कार्ब किती त्यात?"

औषधाच्या दुकानातल्या बाटल्यांनाही हेच लागू. 'आयुर्वेदिक आहे, लहान मुलांना चालतं' असं सांगून हातात ठेवलेलं सिरप बहुतेक वेळा साखरेच्या पाकातलंच असतं. आसव-अरिष्टांत गूळ-साखर असतेच. लॅक्टुलोजचं सिरप बाकी मुलांना सर्रास देतात. ते शोषलं जात नाही असं सांगतात, ते बरंचसं खरं आहे, पण बाटलीत थोडी दुसरी साखरही असते. टीमने हिशोबात धरून दिलं तर ठीक, आपण होऊन नाही. तोंडाने द्यायचं लिक्विड पॅराफिन असलेलं पांढरं औषध बऱ्याच घरांत आजी-आजोबांसाठी आणलेलं असतं. त्यात साखरेपेक्षा वेगळा धोका आहे: गिळताना ठसका लागणाऱ्या किंवा वर उलटून येणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात तेल गेलं तर न्यूमोनिया होतो. शिवाय ते नेहमी दिलं तर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जाण्यात अडथळा येतो. एरंडेल, साबणाची वडी, तेलात बुडवलेलं विड्याच्या पानाचं देठ, हे सगळं आमच्या आजोळी चालायचं. चिऊला यातलं काही नाही. साबणाने आतली त्वचा सोलवटते आणि मूल नंतर आठवडाभर भीतीने रोखतं. फॉस्फेटचा एनिमाही (मागून सोडायचं पातळ औषध) घरी, स्वतःच्या मनाने नाही. लहान मुलांत त्याने रक्तातले क्षार बिघडू शकतात. ग्लिसरीनची कांडी अडीअडचणीला आमच्याकडे आहे, डॉक्टरांना विचारून ठेवलेली. पण महिन्यात दोनदा लागली तर रोजच्या औषधात काहीतरी कमी पडतंय असं समजते.

बाटली भरलेलीच परत येते

पाण्याचा साधा हिशोब बालरोगतज्ज्ञ वापरतात तो असा: पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोंना किलोमागे ५० मिली. चिऊ १४ किलोंची, म्हणजे १२०० मिली. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर आकडा वेगळा, म्हणून विचारून घ्या. पूर्वी केटोवर पाणी मोजून कमी देत असत. तो नियम आता मागे पडलाय, तरी एखाद्या जुन्या झेरॉक्समध्ये अजून सापडतो. आम्हाला मिळालेल्या कागदात होता.

१२०० म्हणजे ३०० मिलीच्या चार बाटल्या. बालवाडीतून चिऊची बाटली रोज जवळजवळ भरलेली यायची, आणि मी ती मोरीत ओतून टाकायचे. म्हणजे मोजमाप रोज हातात होतं, बघत नव्हते. आता बाटलीवर मार्करच्या दोन रेघा आहेत, डबा खाण्याआधी पहिली, खाल्ल्यावर दुसरी. ताईंना मी एवढंच सांगितलं. एकदम पाजू नका, उलटी होते. मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आमचं पोट हमखास अडायचं हेही वहीमुळे कळलं. ज्यांचं मूल टोपिरामेट किंवा झोनिसामाइड या फिट्सच्या औषधांवर आहे त्यांनी पाण्याकडे दुप्पट लक्ष द्या. या औषधांनी घाम कमी येऊन अंग तापू शकतं, आणि किडनी स्टोनचा धोका केटोने वाढतो तसाच यांनीही वाढतो.

शहाळं नको, त्यात साखर असते. ताकही मोजूनच, हिशोबात धरून. साधं पाणी प्यायला कंटाळली की आम्ही लिंबाचे दोन-तीन थेंब आणि चिमूट मीठ घालतो, तेही आहारतज्ज्ञांना विचारून.

ताटात काय हलवता येतं

इथे आपलं कोकणी स्वयंपाकघर उपयोगी पडतं. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम स्निग्ध आणि ९ ग्रॅम तंतू (फायबर) असतात. केटोला हवं तेही, पोटाला हवं तेही. आमच्या आहारतज्ज्ञांनी लोण्याचा काही भाग काढून तिथे खवलेला नारळ आणि खोबरेल बसवलं. खोबरेलात, आणि त्याहून जास्त एमसीटी तेलात, जी मध्यम साखळीची स्निग्धं असतात त्यांनी शी थोडी सैल होते. मात्र एमसीटी एकदम वाढवलं तर पोटात कळा येऊन जुलाब होतात, म्हणून ते ग्रॅम-ग्रॅमने आणि सांगितल्याप्रमाणेच.

भाजीचा कोटा तोच ठेवून भाजी बदलता येते. १० ग्रॅम बटाट्यात जेवढी कर्बोदकं जातात, साधारण तेवढ्यातच ५० ग्रॅम पालक बसतो. आम्ही गाजर-कांद्यावर कोटा उधळत होतो, कारण चिऊला ते गोड लागायचं. आता पालक, मेथी, माठ, कोबी, भेंडी, पडवळ, दुधी. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाने भरलेली येते, तेव्हा भेंडी आणि पडवळावरच भिस्त. सगळं वजनकाट्यावर, खाण्याजोगा भाग मोजून. एक घोळ टाळा: काही तक्त्यांत कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेले असतात, काहींत वजा केलेले. तुमचा आहारतज्ज्ञ कोणता तक्ता वापरतो ते विचारा, नाहीतर मोबाइलवर बघितलेला आकडा आणि त्यांचा आकडा कधीच जुळणार नाही.

जवस भाजून, कुटून. अख्खं दिलं तर तसंच बाहेर येतं. इसबगोल साधं, गोड चवीचं नाही, आणि पाणी पुरेसं जात असेल तरच. कमी पाण्यात ते आत फुगून बसतं आणि आणखी अडवतं. गिळायला त्रास असणाऱ्या मुलाला ते नकोच. फिट्सच्या गोळीबरोबर एकाच वेळी देऊ नका, मध्ये दोनेक तास जाऊ द्या. साठलेलं काढण्याआधी तंतू वाढवले तर ट्रॅफिक जॅममध्ये आणखी गाड्या सोडल्यासारखं होतं. आम्ही तेही करून बघितलंय.

४:१ चं ३:१ करायचं का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. प्रमाण खाली आणलं की भाजीला जागा होते, हे खरं. पण फिट्स थांबल्या असतील तर मी त्याला सगळ्यात शेवटी हात लावेन, आणि तेही टीम म्हणाली तरच. आमच्याकडे त्याची वेळ आली नाही.

कॅल्शियम, आणि पायाखालचा पाट

केटोवर कॅल्शियम द्यावंच लागतं, पण कॅल्शियम कार्बोनेटने काही मुलांचं पोट घट्ट होतं. लोहाच्या औषधानेही. बंद करू नका. दुसरा प्रकार चालेल का, दिवसात विभागून देता येईल का, एवढं विचारा. आमचा बदलून दिला. त्याने किती फरक पडला ते सांगता येणार नाही, कारण त्याच आठवड्यात पाटही आला.

पाट म्हणजे जेवायला बसायचा लाकडी पाट. आमच्याकडे कमोड आहे, त्यावर चिऊचे पाय लोंबकळायचे आणि लोंबकळत्या पायांनी जोर लावताच येत नाही. पायाखाली पाट, गुडघे कमरेपेक्षा वर, अंग किंचित पुढे. जुन्या भारतीय संडासात हे आपोआप होत होतं. जेवल्यावर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पाच मिनिटं बसवायचं, शी होवो न होवो. सकाळी शाळेच्या रिक्षाच्या घाईत आमचं जमेना, म्हणून रात्रीच्या जेवणानंतरची वेळ धरली. तेव्हा मोबाइल नाही, पण मी बाहेर पायरीवर बसून गोष्ट सांगते. चाळीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मुलासाठी घरातच छोटी खुर्ची-सीट ठेवली. सामायिक संडासाच्या अंधाराला घाबरून तो रोखत होता. चालता न येणाऱ्या मुलांसाठी फिजिओथेरपिस्टकडून पोटाचा मसाज शिकून घ्या: मुलाच्या उजव्या बाजूला खालून वर, मग आडवं, मग डाव्या बाजूला खाली. पाय सायकलसारखे फिरवणंही.

फोन लगेच करायचा तो कधी

हिरवी उलटी. पोट ताणलेलं आणि गॅसही सुटत नाही. शीमध्ये रक्त. पोटदुखीबरोबर ताप. पाणीही घेत नाही. सुस्ती, किंवा श्वास भराभर चालतोय; केटोवर याचा अर्थ केटोन फार वाढलेत किंवा रक्तातली साखर उतरलीय असाही असू शकतो. नेहमीपेक्षा जास्त फिट्स. यातलं काहीही असेल तर कांडी-पावडर करत घरी बसू नका, आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिल्याच वाक्यात 'मूल केटोवर आहे, साखरेचं सलाइन आमच्या टीमला विचारून' असं सांगा. साखर खरोखरच धोकादायक उतरलेली असेल तर मात्र तिथले डॉक्टर सांगतील ते. आम्ही डाएटचा कागद लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलाय.

चिऊची पावडर नऊ महिने पूर्ण मात्रेत चालली. मग डॉक्टरांनी पाव भाग कमी केला, महिनाभर वहीत ३ आणि ४ च दिसले तेव्हा आणखी पाव. मध्ये सर्दी-तापात एकदा २ आला, दोन दिवस रडली, आम्ही फोन करून मात्रा परत वर नेली आणि तीन आठवड्यांनी खाली. सध्या अर्ध्यावर आहोत. गणपतीला सावंतवाडीला जायचंय, तर पावडर, वजनकाटा आणि पाट या तिन्ही गोष्टी आईंनी आत्ताच दाराशी काढून ठेवल्यात.